तार संपली तिथे आमची गोगलगाय

मोंफेराक, शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय आणि आदरणीय फादर लेओंस यांस,

चुलतभाऊ एव्हारिस्त आणि ओदीलवहिनी यांचा नमस्कार पोचावा. तुमच्या डोंगरावरची थंडी आता उतरली असेल, आणि तिच्यामागोमाग तुमचा खोकलाही उतरला असेल, अशी आशा करतो. ओदील विचारते आहे की चर्चच्या मागच्या मधमाश्या हिवाळ्यातून तगल्या का, आणि मिस्सेला येणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कोण कोण तगलं. (हा क्रम तिचा आहे, माझा नाही.) आमच्याकडे सर्व क्षेम आहे. नुसतं उपचार म्हणून लिहीत नाही. काल दुपारपासून आमच्या घरात माणसं पुन्हा नीट श्वास घेऊ लागली आहेत, ओदील भांडी घासताना गाते आहे, आणि सासूबाईंनी माझ्याकडे पाहून चक्क मान हलवली. का, ते सविस्तर लिहितो. तुम्ही माझ्याहून चौदा वर्षांनी धाकटे असलात तरी कबुलीजबाब ऐकायचा परवाना तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र तुम्हालाच.

आमच्या रेल्वे यार्डातलं डबे हलवायचं इंजिन, म्हणजे आमची गोगलगाय, तुम्ही पाहिली आहे. गेल्या ईस्टरला तुम्ही तिच्यावर चढून बसला होता आणि खाली उतरताना तुमचा झगा हँडलला अडकला होता, तीच. मधोमध काचेची खोली, दोन्ही बाजूंना लांब नाकं, खाली सहा जोड चाकं, आणि वेग असा की शेजारून सायकलवर जाणारा पोस्टमन आम्हाला 'येतो रे' म्हणून पुढे निघून जातो. तिच्या डझनभर बहिणी देशात ठिकठिकाणी डबे इकडचे तिकडे करत आयुष्य काढत आहेत. सगळ्या एकाच घाटाच्या, एकाच स्वभावाच्या. लांबच्या गाड्या ओढणारी इंजिनं फोटोत येतात. ह्यांचा फोटो कोणी काढत नाही, आणि काढला तरी त्या हललेल्या दिसत नाहीत. मला ती आवडते. डबा डब्याला असा टेकवते की आत अंड्यांच्या टोपल्या असल्या तरी अंडं जागं होऊ नये. आणि तिच्या पोटातलं यंत्र दिवसभर एका सुरात गुणगुणत असतं. खोटं का बोलू, माझी निम्मी जपमाळ मी त्या सुरावर म्हणतो.

तिची एकच अडचण. ती विजेवर चालते आणि वीज वरच्या तारेतून येते. छपरावरचा तो घडीचा हात (आम्ही त्याला पँटो म्हणतो) तारेला टेकलेला असेपर्यंत ती राणी. तार सुटली की लोखंडाचा ढीग. आणि पिठाच्या गिरणीकडे जाणाऱ्या रुळावर तार अर्ध्यातच संपते. तिथे एक निळी पाटी आहे. त्या पाटीच्या पुढे गोगलगाईनं जायचं नाही. मग गिरणीच्या दारापर्यंत डबे पोचवायचे कसे? तर मध्ये दोन रिकामे डबे लावायचे आणि त्यांनी पुढचे डबे ढकलायचे, खाटेखाली गेलेली चप्पल आपण काठीनं ढकलतो तसे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आहे.

तर झालं असं की गेल्या महिन्यात आमचे यार्डमास्तर लाबोर्दसाहेब यांनी मला बोलावून सांगितलं, वरून तपासनीस येणार आहेत. मशीन उपयोगाची वाटली तर राहील. नाही वाटली तर ती भंगारात, तिच्या जागी डिझेल, डिझेलबरोबर त्याचा स्वतःचा माणूस, आणि मी पॅरिसजवळच्या मोठ्या यार्डात. हे सांगताना ते टेबलावरच्या पेन्सिली सारख्या करत होते. घरी येऊन मी ओदीलला सांगितलं. ती मटार सोलत होती. सोलतच राहिली. सगळे सोलून झाल्यावर म्हणाली, "तू जा. मी येणार नाही. आईला ह्या वयात चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवू का? तिथे खिडकीतून दुसरी खिडकी दिसते." मग टरफलं गोळा करत, "रविवारी येत जा." फादर, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर रविवारी पाहुणा म्हणून येणारा नवरा व्हायचं माझ्या मनात नव्हतं. मी चर्चमध्ये गेलो. मेणबत्त्या लावल्या. (एक संत अंतोनीला, एक संत एल्वाला, कारण तो लोखंडाच्या कामाचा, आणि एक कोणाला ते न ठरवता, ज्याला वेळ असेल त्याच्यासाठी.)

काल तपासनीस यायचे होते. लाबोर्दसाहेबांनी यार्ड असं झाडून घेतलं होतं की रुळांवर जेवावं. आणि यार्ड मोकळं, टापटीप दिसावं म्हणून त्यांनी ते दोन रिकामे डबे पार पलीकडच्या टोकाला नेऊन लपवले! मी म्हटलं, साहेब, ते माझी काठी आहेत. ते म्हणाले, "एक दिवस काठीशिवाय चाला." साडेअकराच्या गाडीनं तपासनीस व्हेर्दिएसाहेब उतरले, आणि लाबोर्दसाहेब त्यांना थेट स्टेशनच्या खानावळीत घेऊन गेले. मला मात्र निरोप की जेवण होईपर्यंत गव्हाचे डबे गिरणीला लावून टाक, साहेब आले की सगळं जागच्या जागी दिसलं पाहिजे.

मी निघालो. पुढच्या डब्याशेजारून क्लेबेर चालत होता, हाताने खुणा करत. क्लेबेरला तुम्ही ओळखता. माझा जोडीदार, युनियनचा सेक्रेटरी, बापानं मुद्दाम संताचं नाव न ठेवता सेनापतीचं ठेवलेला. चर्चसमोरून जाताना तो रस्ता ओलांडतो, पलीकडे चिखल असला तरी. पण रुळावर त्याच्यासारखा माणूस नाही. काठी नसल्यामुळे मला निळ्या पाटीच्या अगदी नाकापर्यंत जायचं होतं, तेव्हा मी मुंगीच्या पावलानं चाललो होतो. पाटी समोर दिसत होती. आणि चर्चची बाराची घंटा झाली.

आता तुमच्यापासून काय लपवू? बाराची घंटा झाली की मी हँडलवरचा हात काढतो, टोपी काढतो, डोळे मिटतो आणि मारियामातेची प्रार्थना म्हणतो. आईनं लावलेली सवय. एरवी गोगलगाय तेवढ्यात दोन पावलं घरंगळते आणि थांबते. कोणाचं काही बिघडत नाही. काल मी नेहमीच्या प्रार्थनेला माझी एक ओळ जोडली: माते, आज काही चूक होऊ देऊ नकोस. ती ओळ मी जरा घोळवून म्हटली. आणि मग घराचं, ओदीलच्या आईचं, पॅरिसच्या खिडकीचंही थोडक्यात सांगितलं. मध्येच कुठेतरी शिट्टी ऐकू आली, ती मला कस्तुर पक्ष्याची वाटली. मग गुणगुण थांबली. इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. डोळे उघडले तर डबे गिरणीच्या ठोकळ्याला हलकेच टेकले होते, निळी पाटी माझ्या पाठीमागे होती, आणि पँटो रिकाम्या आकाशात हात वर करून उभा होता, वर्गात उत्तर येत नसताना हात वर केलेल्या मुलासारखा.

क्लेबेर धावत आला. चार पायऱ्या चढून आत डोकावला, माझ्या हातातली टोपी पाहिली, आणि त्याला सगळं कळलं.

"झालं का बोलून तिच्याशी?" तो म्हणाला. "काय म्हणाली?"

मी म्हटलं, "क्लेबेर, आता काय करायचं?"

"मला काय विचारतोस? तुझी ओळख वर आहे. माझी फक्त गिरणीपर्यंत."

पण बोलता बोलता त्यानं पँटो खाली घेतला होता, हातब्रेक आवळला होता आणि डब्यांची कडी सोडायला खाली उतरलाही होता. अंतर काही फार नव्हतं. तारेचं टोक आणि पँटो यांच्यामध्ये फार तर दोन गाढवं उभी राहिली असती. पण ओढायला इंजिन नाही. डिझेल मागवायचं तर ते जंक्शनवरून येणार, आणि ते लाबोर्दसाहेबांनीच मागवायचं. म्हणजे तपासनिसांच्या ताटासमोर जाऊन सांगायचं की तुम्ही जिला तपासायला आलात ती मेली आहे. एकच आशा होती. स्टेशनच्या खानावळीत गुरुवारी बदकाची तंगडी असते, आणि ती घाईत खाल्लेला माणूस ह्या मुलखात मी पाहिलेला नाही.

तेवढ्यात गिरणीसमोरच्या कॅफेच्या दारातून आवाज आला, "काय एव्हारिस्त, स्वर्गात निघालास का? अरे, तिकडे तार नाही!" तो काझो होता, आमचा खाटीक, गावच्या रग्बी संघाचा कप्तान. रविवारच्या सामन्याआधी गुरुवारी पुढच्या फळीचे आठही जण तिथे एकत्र जेवतात, ही त्यांची रीत. सामन्यात जे खांद्याला खांदा लावून, वाकून, समोरच्या आठांना रेटतात ते हे. गळ्यात रुमाल अडकवून आठही जण बाहेर आले आणि गोगलगाईभोवती फिरले, बाजारात बैल पाहावा तसे. कोणी चाकाला लाथ मारली. काझोनं विचारलं, वजन किती? क्लेबेरनं सांगितलं. काझो रविवारचा प्रतिस्पर्धी संघ आठवून म्हणाला, "म्हणजे साल्व्हाकच्या फळीपेक्षा थोडं कमीच."

मी त्यांना नको म्हणालो. खरंच म्हणालो. पण जेवणाच्या मधल्या टप्प्यावर आलेल्या आठ माणसांना नको म्हणून काही होत नाही. पहिल्या रांगेतले तिघे इंजिनाच्या लोखंडी कपाळाला भिडले, मागचे पाच त्यांच्यात डोकी खुपसून वाकले. डावा खांब तिस्ने (पहिल्या रांगेतल्या दोन टोकांच्या माणसांना आमच्याकडे खांब म्हणतात) लाकडाच्या वखारीत काम करतो, आणि त्याची मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. काझोनं आरोळी दिली. आठ जणांनी रेटलं. त्यांचे चेहरे वांग्याच्या रंगाचे झाले, बूट खडीत रुतले, एकाची पँट मागून फाटली. गोगलगाय केसभर हलली नाही. पुन्हा आरोळी, पुन्हा वांगी. काझो म्हणाला, "ही साल्व्हाकची फळी नाही. ही सरकारी आहे."

तेव्हा क्लेबेर शांतपणे म्हणाला, "थांबा जरा. हातब्रेक मीच लावलाय."

त्यावर जे शब्द बोलले गेले ते फादरना लिहिण्यासारखे नाहीत. मी ब्रेक सोडायला वर चढलो. चूक इथे झाली: फळीला उभं राहायला सांगायचं राहून गेलं. ते रागात रेटतच होते. मी चाक फिरवलं आणि गोगलगाय एकदम सुटली, लोणी लावल्यासारखी. आठही जण तिच्यामागे एका ढिगात पालथे पडले, आणि त्या ढिगाच्या तळातून तिस्नेचा आवाज आला, "माझी पाठ, माझी पाठ." मला थांबायची सोय नव्हती. मी तारेकडे चाललो होतो. निळी पाटी खिडकीतून उलट्या दिशेनं गेली, तसा मी ब्रेक आवळला आणि वर पाहिलं. डोक्यावर तार होती. आयुष्यात अनेक देवळांची छतं पाहिली, सोन्यानं रंगवलेलीही पाहिली, पण काळ्या तांब्याच्या त्या एका रेघेइतकं सुंदर मला काही दिसलं नाही.

पण पँटो वर उचलायला हवेचा दाब लागतो, आणि ह्या वयात गोगलगाय तो दाब फार वेळ धरून ठेवत नाही, माझ्यासारखीच. मग क्लेबेरनं हातपंप काढला. सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ. त्यानं अंगरखा काढला आणि पक्षाचं गाणं म्हणत पंप मारायला लागला, मी शेजारी मनातल्या मनात माझं म्हणत होतो. कोणाच्या गाण्यानं पँटो उचलला ते सांगता येत नाही. उचलला एवढं खरं. टोकाशी एक निळी ठिणगी उडाली आणि पोटातली गुणगुण परत आली. क्लेबेर घाम पुसत म्हणाला, "रडतोस कशाला? पीठ गेलं का डोळ्यांत?" मी हो म्हणालो. गव्हाचं पीठ व्हायला अजून अवकाश होता, पण त्यानं पाठ फिरवून पंप आवरायला घेतला.

साहेबलोक आले तेव्हा आम्ही पाटीच्या अलीकडे संभावितपणे उभे होतो. व्हेर्दिएसाहेब गोल, प्रसन्न गृहस्थ. बदक त्यांना मानवलं होतं, वर आलुबुखाऱ्यांची ब्रँडीही मानवली होती. त्यांनी मशीन फिरून पाहिली, तिच्या नाकावर थोपटलं, मग निळ्या पाटीपाशी जाऊन वर पाहत उभे राहिले.

"ही कधी ह्या पाटीपलीकडे जाऊन अडकते का हो?"

"कधीच नाही, साहेब!" लाबोर्दसाहेब म्हणाले. "इतक्या वर्षांत एकदाही नाही."

"अरेरे," तपासनीस म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "मग अवघड आहे. मला वाटलं होतं, अडकत असेल तर तार गिरणीपर्यंत न्या म्हणून वरच्यांना सांगावं. चार खांबांचं काम. तार पूर्ण झाली की ह्या मशीनला इथून कोणी हलवत नाही. पण अडकतच नाही म्हटल्यावर तारेला कोण परवानगी देणार? आणि अर्ध्या तारेवर ह्या वयाची मशीन कोण ठेवणार? ते म्हणतील, डिझेल पाठवा."

फादर, तो क्षण तुम्हाला कसा सांगू? खरं बोललो तर मशीन वाचते. पण खरं बोललो तर पुढचा प्रश्न 'का अडकली' हाच, आणि सरकारी रेल्वेत, कामाच्या वेळेत, हँडलवरचा हात काढून प्रार्थना करणाऱ्याला पॅरिसलासुद्धा कोणी घेणार नाही. आणि गप्प बसलो तर ओदील मटार सोलते आहे आणि मी रविवारचा पाहुणा. मी टोपी काढली. "साहेब," म्हटलं, "आजच अडकली होती. तासाभरापूर्वी." लाबोर्दसाहेबांचा रंग ब्रँडीचा होता तो दह्याचा झाला.

"आज? कशी काय?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ, मी खरंच सांगणार होतो. पण क्लेबेर पुढे आला, युनियनच्या सभेत येतो तसा, अंगठे पट्ट्यात खोचून. "साहेब, बाराची घंटा झाली. बारा म्हणजे जेवणाची सुट्टी. कामगारानं हँडलवरचा हात काढला. तो त्याचा हक्क आहे. आमच्या बापजाद्यांनी तो लढून मिळवलाय. मशीन घरंगळली हा तारेचा दोष आहे, कामगाराचा नाही."

व्हेर्दिएसाहेबांनी क्षणभर विचार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे. बारा म्हणजे बारा. आणि परत कशी आणलीत?"

त्याच वेळी कॅफेतून तिस्नेला बिजागरीतून काढलेल्या दारावर झोपवून नेत होते. सात जण खांदा देत होते आणि तो वरून त्यांना चालायला शिकवत होता. "ह्यांनी," मी म्हटलं. "ढकलून." तपासनीस इतके हसले की त्यांना माझा हात धरावा लागला. मग डोळे पुसून ते लाबोर्दसाहेबांना म्हणाले, चार खांब आणि तार मी लिहून देतो. माणसांनी ढकलायची वेळ येते म्हटल्यावर वर कोणी नाही म्हणणार नाही. आणि ही मशीन, आणि हे दोघे, इथेच राहू देत. बारा वाजता थांबणारा माणूस बाकीच्या वेळी नीट काम करतो, असा माझा अनुभव आहे.

असं झालं, फादर. संध्याकाळी परत येताना मी क्लेबेरला म्हटलं, तू माझ्यासाठी खोटं बोललास. तो भडकला. "खोटं? एक शब्द खोटा दाखव! बारा वाजले नव्हते? तू हात काढला नव्हतास? त्या वेळेत तू काय करतोस त्याच्याशी युनियनला कर्तव्य नाही. काही लोक कांदे खातात." मी रात्री बराच वेळ ह्यावर विचार केला, आणि मला वाटतं की मारियामातेनं माझी ओळ ऐकली, फक्त चूक होऊ देऊ नकोस म्हटलं होतं ते तिला पटलं नाही, तिला चूक हवी होती. तुम्ही सेमिनारीत शिकलेले आहात, ह्याला काही आधार आहे का ते सवडीनं कळवावं.

ओदीलचा नमस्कार. सासूबाईंचा आशीर्वाद. तुमच्या मधमाश्यांना शुभेच्छा.

तुमचा,
एव्हारिस्त दुबेर्ने

ता. क. तिस्नेची पाठ गंभीर नाही, डॉक्टर म्हणतात. फक्त त्यानं महिनाभर वाकायचं नाही.

ता. क. २. लेओंस, आता फादर बाजूला ठेव आणि मोठ्या भावाचं ऐक. रविवारी दुपारी साल्व्हाकबरोबर सामना आहे आणि आमच्याकडे डावा खांब नाही. काझो सकाळी दुकानातून सुरा घेऊनच आमच्याकडे आला (कापायला काही नव्हतं, तो तसाच निघाला होता) आणि म्हणाला, खांब तू मोडलास, खांब तूच आण. सेमिनारीच्या संघात तू पहिल्या रांगेत तीन वर्षं खेळलास हे त्याला मी सांगितलं नाही, ओदीलनं सांगितलं. तुझी मिस्सा सकाळीच आटपते. क्लेबेर मोटारसायकलची बाजूगाडी घेऊन तुला न्यायला येईल. पूल ओलांडेपर्यंत देवाचा विषय काढणार नाही असं त्यानं कबूल केलं आहे.

ता. क. ३. काझोच्या दुकानाच्या काचेवर तुझं नाव लागलं आहे. नुसतं 'एल. दुबेर्ने', पुढे फादर नाही, तेव्हा काळजी नसावी. बिशपसाहेब मात्र सामन्याला येत आहेत. ते मूळचे साल्व्हाकचे, म्हणून त्यांच्या बाजूला बसणार. तू खेळलास म्हणून ते रागावतील असं मला वाटत नाही. जिंकलास तर सांगता येत नाही.